कच्चा वाफा

गजाचं टोक कोमट लागलं – तळव्याला नव्हे, तळव्याचा आता भरवसा नाही, म्हणून सगुणाबाईंनी ते मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवलं, बाळाच्या दुधाचा थेंब टेकवून पाहतात तसं... कोमटच. थंडी अशी की नळाचं पाणी बोटांना चावत होतं, आणि अर्धा तास मातीत रोवून ठेवलेलं हे लोखंड कोमट. म्हणजे आत अजून शिजतंय. म्हणजे वाफा अजून कच्चा.

खाली बसणं जमत नाही म्हणून दिवाळीनंतर त्यांनी तो गुडघ्याएवढा उंच बांधून घेतला होता – घराच्या मागच्या पट्टीत, कंपाउंडच्या उरलेल्या विटांचा. तळाला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, दिंडोरीच्या भाच्याने पोत्यातून आणून दिलेल्या. त्यावर बदामाचा पाला, पंचवटीतल्या गोठ्यातलं शेण, आणि वर पोयट्याची माती. आठ हात लांब, तीन हात रुंद. मखमलाबाद रोडवरच्या या घरात आपली म्हणावी अशी एवढीच जागा... आणि तीही भोगीपर्यंतच.

कारण नवनाथला ती दुसऱ्या गाडीसाठी हवी होती. "आई, भोगीपर्यंत बघू," तो म्हणाला होता. "भोगीच्या भाजीत तुझ्या वाफ्यातलं काही पडलं तर राहू दे. नाहीतर फरशीवाल्याला बोलावतो." त्याच्या सगळ्याच गोष्टींना तारीख असते. आणि त्यांनी मान हलवली होती. का हलवली? भोगीला आता पस्तीस दिवस.

"आई, माती आहे की पेशंट?" हर्षाली चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी होती. "रोज सकाळी उठून ताप बघता."

"उतरतोय. कालच्यापेक्षा कमी आहे."

"मग आज मेथी पेरून टाका ना. महिन्यात हाताशी येते. नाहीतर असं करू, मी नर्सरीतून तयार रोपं आणते आणि देते खोचून. ह्यांना काय कळतंय? ह्यांना मेथी न्‌ शेपू समोर ठेवली तरी ओळखता येत नाही."

दोघी हसल्या. सून गेली, हसू राहिलं, आणि हसण्याखाली तो विचारही राहिला... मेथी. काय बिघडेल? उगवेल. वरच्या चार बोटं मातीत छान हिरवी उगवेल आणि मुळं खाली उतरली की पिवळी पडून माना टाकेल. हे मला कुणी सांगायला नको. हे मी पाहिलेलं आहे.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा. वणीच्या अलीकडचं गाव, विहिरीजवळचा सासूबाईंनी काढून दिलेला नवा वाफा. संक्रांतीला वडील यायचे होते, आणि त्यांच्या ताटात माझ्या हातचं वांगं पडावं म्हणून मी उकिरड्याच्या तळाचं जुनं खत उपसत बसले नाही – वरचंच घेतलं, ओलं, वाफाळतं, आणि घमेली भरभरून ओतलं. कच्च्या खताच्या उष्णतेने आठ दिवसांत रोपं झोपली. सासूबाई, चांगुणाबाई, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "लय घाई तुला. ह्या मातीला तुझा बाप ठावूक नाय गं. तिला तिचा येळ ठावूक हाय." तेव्हा रडू आलं होतं, ते वांग्यांसाठी नव्हे. आज वाटतं, एवढं सरळ मला पुढे कुणीच सांगितलं नाही.

पेरायचं नाही. ठरलं. आणि ठरल्याबरोबर हातांना काम सापडलं. त्यांनी वाफ्याला झारीने पाणी दिलं, बेताचं, मूठ वळेल पण ठिबकणार नाही एवढं. निफाडकडे पारा सहावर आला म्हणे. उत्तरेचा वारा मातीची ओल चोरतो, आतली किडामुंगी गारठली की पाला कुजायचा थांबतो. वर वाळलेलं गवत पसरलं. गवतावर दोन जुन्या सुती साड्या, चहूबाजूंनी विटांखाली खोचून – भाच्याच्या डाळिंबांच्या झाडांना अशाच साड्या गुंडाळलेल्या असतात. सगळ्यात वर लिंबाच्या काटेरी फांद्या, शेजारच्या मांजरीसाठी. मऊ माती दिसली की तिला दुसरं काही सुचत नाही.

पदर खोचावा तसं साडीचं टोक खोचताना – कोपरा नीट दाबताना – एकदम गावची ती शाळा डोळ्यांपुढे आली. लाकडी टेबल, दौत, आणि गुरुजी विचारतायत, मुलाची जन्मतारीख? पाच वर्षांचा नवनाथ माझा पदर धरून उभा. आणि मी सांगितलं, एक जून – आणि सालही एक मागचं. मोठ्या जावेचा मुलगा पहिलीत बसला होता, माझा मागे का राहावा? गुरुजींनी लिहून घेतलं. सगळेच तसं सांगायचे. मग तो दहा वर्षं वर्गात सगळ्यात लहान. कवायतीत शेवटचा. दप्तर पोटाशी धरून इतर मुलांच्या मागे धावणारा... जेवतानाही घास गिळायच्या आधी दुसरा हातात. कागदावर तो आजही एका वर्षाने मोठा आहे. निवृत्तही एक वर्ष आधीच होणार. आणि मी इतकी वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आले, आमच्या नवनाथला भारी घाई.

संध्याकाळी तो आला तो सरळ मागे आला, बूट न काढता, खांद्याला बॅग.

"हे काय, साड्या नेसवल्यास? पेरलंस की नाही?"

"नाही."

"अगं, मग भोगीला काय?"

"काही नाही. चैत्रापर्यंत मी त्याला हात लावणार नाही."

"आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मान हलवली ती चूक माझी. माती पिकायला चार महिने लागतात, ते तेव्हाच सांगायला हवं होतं." त्यांनी सरकलेली एक फांदी जागेवर ठेवली. "तुझ्या शाळेच्या वेळीही मी एक वर्ष थांबायला हवं होतं, नवनाथ."

"आता ते काय मध्येच..." तो म्हणाला. बॅग त्याने विटांच्या कडेवर टेकवली. फांद्यांकडे, साड्यांकडे बघत राहिला – चोपन्न वर्षांचा, की त्रेपन्न? – आणि त्या त्याच्याकडे. वाफा राहील की जाईल, हे दिवसभर मनात होतं ते कुठेतरी बाजूला सरलं होतं. तो तोंड उघडणार असं दिसलं, आणि त्यांना एवढंच वाटलं, की याने आत्ताच 'हो' म्हणू नये, 'नाही'ही म्हणू नये. जरा वेळ घ्यावा, हवा तेवढा.