सोडा फिका का लागला

हे लिहिणारच नव्हतो. दाऊदच्या घरचं प्रकरण, चव्हाट्यावर कशाला? पण कशेळीला खाडीकाठी राखवाल्या बाबांच्या दारात अजून रांग लागते. म्हणून टाइप करतोय.

१९९१ साल. रांगेसमोर बाबांनी दाऊदला उभं केलं. दाऊद माझा दोस्त, कापडाचे लूम चालवायचा. त्याच्या मामूसारखेच त्याचेही डोळे बाजूंनी अंधारत गेलेले. मग मधेही धूसर झालं, तुटलेला धागा दिसेना. काही आठवडे बाबांची राख खाल्ली आणि पठ्ठ्यानं सगळ्यांदेखत सुईत दोरा ओवला. बायका रडल्या. दाऊद म्हणाला, बोटांना मुंग्या येतात.

"ती आमची बिजली, बेटा. मीटर नाय, बिल नाय," बाबा म्हणाले.

मग बाबांचा हुकूम झाला, आता इस्पितळात जायचं नाय. बाबांनाच आपली राख खरी वाटायला लागली असावी. दाऊद राख खात राहिला आणि धूसरपणा परत आला. बाबा म्हणाले, घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे. त्याची आई, जोहराचाची, माझ्याकडं बघायची.

लाइट जायची, लूम एकदम गप्प व्हायचे. दाऊद तिथंच उभा, हातानं भिंत शोधत. तो हात मला अजून दिसतो.

त्याला ओढतच ठाण्याला नेलं, त्याच्या जुन्या डॉक्टर सुमतीबाईंकडं. त्यांनी दिवा टाकून डोळ्यामागचा पडदा पाहिला. ज्या सुजेसाठी त्यांनी आधी गोळ्या दिल्या होत्या, ती परत आली होती.

"माझ्या गोळ्या खाल्ल्यास?"

"नाय. बाबांची राखच. तिनंच मधे नीट दिसत होतं."

"मधे सोडा फिका लागायचा? बोटांना मुंग्या?"

दाऊद म्हणाला, हो, दोन्ही. गॅसच मारला नाय म्हणून नाक्यावरच्या सोडावाल्याशी तो भांडला होता.

"म्हणजे गोळी पोटात गेलीय. हे तिचेच साइड इफेक्ट."

घरी चाचीला विचारलं. ती हळूच म्हणाली, दवा दम करायला, म्हणजे दुआ फुंकून घ्यायला, बाबांकडं ठेवली होती, सगळेच ठेवतात. बाबांनी गोळ्या ठेवून घेतल्या, राखेच्या पुड्या दिल्या. पहिल्यातली एक तिनं बरकतीसाठी डब्यात जपली होती. उघडली. राखेत पांढरा चुरा, आणि न कुटलेला गोळीचा तुकडा. इस्पितळ सुटलं, गोळ्या संपल्या, मग पुडीत नुसती राख.

गोळीनं सूज उतरते. आजार खानदानी आहे, तो जात नाय. बाईंनी हे तोंडावर सांगितलं, बाबांनी लपवलं. दुआ खुशाल मागा, पण दवा बंद करू नका. आणि बरं वाटलं तर विचारा, कशानं?

दाऊदनं गोळ्या परत सुरू केल्या. एकदा म्हणाला, "दाम्या, बाजूचा अंधार मधे आला तर?"

म्हटलं, "त्या रांगेत तुला परत उभा राहू देणार नाय. लाइट गेली की हात पुढं कर. भिंतीच्या आधी मी लागेन."