बंद दारावरून काय कळतं

मुलांनो, एक लांब पॅसेज डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना खोल्या आणि सगळ्यांची दारं सकाळपासून सताड उघडी. नायगावच्या बीडीडी चाळीत जुई अशाच पॅसेजमध्ये वाढली. तिथे दिवसा कुणाचं दार लोटलेलं दिसलं, की शेजारी लगेच हाक मारायचे, "काय गं, बरं नाही का?"

मग चाळ गेली, टॉवर आला. जुन्या शेजारीण कमळाबाई जुईच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आल्या. एकट्याच असायच्या; इथेही दार उघडंच ठेवायच्या. जुईच्या वडिलांना, अभिषेकला, मात्र बंद दाराचं फार कौतुक. "आता कुठे जरा प्रायव्हसी मिळाली," तो म्हणायचा.

स्कॉलरशिपसाठी तो जुईकडून कोडी सोडवून घ्यायचा.

"एका घराचं दार बंद आहे. यावरून काय कळतं?"

"आत कुणीतरी आजारी आहे."

"हे कुठे दिलंय?"

"पण मग दार कशाला लावतील, पप्पा?"

"पदरचं घालू नकोस गं! दिलंय तेवढंच धर. उत्तर, काहीच कळत नाही."

कोड्यापुरतं अभिषेकचं उत्तर बरोबरच होतं. कोड्यात कमळाबाई नव्हत्या.

एका रविवारी जुई दूध घ्यायला बाहेर गेली आणि तशीच परत आली. "पप्पा, समोरच्या आजींचं दार अजून बंद आहे. बेल वाजवू?"

"सुट्टीच्या दिवशी? झोपू दे की त्यांना. सांग बघू, बंद दारावरून काय कळतं?"

जुईने वळून समोरच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "काहीच नाही."

"शाब्बास!"

संध्याकाळी कमळाबाईंचा भाचा आला. बेल वाजवून थकला, शेवटी दार तोडलं. त्या बाथरूममध्ये पडल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "दुपारपर्यंत जीव होता."

मजला बाहेर जमला.

"मला वाटलं, गावाला गेल्या."

"आम्ही म्हटलं, कशाला डिस्टर्ब करा."

"नुसत्या बंद दारावरून कुणाला काय कळणार?" अभिषेक म्हणाला. जुईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

स्मशानातून सगळे परतले. एकेक दार लागलं. अभिषेकनेही आपलं लावून घेतलं. जुईने ते उघडलं, बाहेर गेली आणि शेजारची बेल दाबली.

"काय हवंय गं?"

"काही नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी आहे की! हे काय विचारणं?" दार लागलं.

जुईने पुढची बेल दाबली.