चार पडद्यांचा वाढपी

मी एक जुना स्प्लिटर आहे आणि गेल्या विजयादशमीला मी सपशेल नापास झालो.

असं लोक म्हणतात; प्रत्यक्षात तसं काहीही घडलेलं नाही. आपण सुरुवातीपासून सुरू करू.

मित्रांनो, माझं काम वाढप्याचं. कॅमेऱ्याकडून एका वायरीनं चित्र आणि आवाज घ्यायचा आणि चार पडद्यांना सारखा वाढायचा. जन्म कारखान्यातला. आईवडिलांबद्दल विचाराल, तर खोक्यावर फक्त वॉरंटीची मुदत होती. चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून मला तांबरमच्या मराठी मंडळात आणलं. मंडळाचा हॉल पहिल्या मजल्यावर, जेवणघर खाली, आणि हॉलच्या मधोमध जाडजूड खांब. खांबामागच्यांना मंच दिसत नाही, म्हणून मी.

लग्नं, बारशी, साठीशांती, सगळं वाढलं. नवरदेवाचा घामसुद्धा चारही पडद्यांवर सारखाच. लोक म्हणत, "टीव्ही काय छान आहे!" मी ऐकून घेत असे. अभिमानी लोक ऐकून घेतात.

तंजावरकडच्या घरातली सौम्या वयोवृद्ध दत्ताजींकडे कीर्तन शिकत होती. विजयादशमीला तिचं पहिलं कीर्तन ठरलं. त्यांच्या घराण्यात गुरूनं पाहिल्याशिवाय पहिलं कीर्तन लागत नाही, म्हणजे धरलंच जात नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. आणि दत्ताजींच्या गुडघ्यांनी जिना कधीच सोडलेला.

"खुर्चीत बसवून वर नेऊ, अण्णा," सौम्या म्हणाली.

"मी काय उत्सवमूर्ती आहे, खांद्यावर मिरवायला? खाली पडदा लाव. बघतो मी."

"मग कीर्तनच खाली करते."

"छे छे!" सचिव गुरुमूर्ती म्हणाले. "देव वर मांडलेत. सांबाराकडे तोंड करून कुणी कीर्तन करतं काय?"

आदल्या दिवशी आयुधपूजा होती. त्या दिवशी आमच्या गावात बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना गंध लागतं. मंडळाची पूजा मांडणाऱ्या कुमुदिनी अक्कांनी मला पाटावर बसवलं, चक्क मृदंगाशेजारी. मित्रांनो, मी फुगलो. अक्का कामाला चोख. माझं कपाळ नेमकं कुठलं ते कळेना, म्हणून त्यांनी प्रत्येक भोकात गंध भरलं.

विजयादशमीच्या सकाळची पूजा उरकेपर्यंत पाटावरची वस्तू हलवायची नाही, असा नियम. पूजा लांबली. मला उचललं तेव्हा सौम्या नमनाला उभी राहिली होती. उचलणारा उपेंद्र, नाशिकहून नोकरीला आलेला सॉफ्टवेअरवाला.

"काकू, हे काय?"

"गंध रे. अस्सल चंदन."

"आतमध्ये?"

"बाहेर लावलं तर पुसून जातं ना, कन्ना," अक्का लाडानं म्हणाल्या.

उपेंद्र टाचणीनं मला कोरत बसला. कॅमेऱ्याची वाट मोकळी झाली, पण पडद्यांच्या चारांपैकी एकच उघडली.

"पडदा खांबामागं द्या," गुरुमूर्ती म्हणाले. "देणगीदार बसलेत तिथं."

"सर, देणगीदारांना मान वळवता येते. दत्ताजींना जिना वळवता येत नाही."

त्यानं जेवणघराची वायर खोचली. चार तोंडांचा जोर मी एका तोंडात आणला. इतकं झक्क चित्र मी आयुष्यात वाढलं नव्हतं.

तेच नडलं. देणगीदार खाली गेले. खाली नीट दिसतं, शिवाय पंखा आहे, अशी बातमी वर आली. मग ज्यांना वरूनही नीट दिसत होतं, तेही गेले, कारण खाली वडे तळत होते. पूर्वरंग संपत आला तेव्हा वर उरले देव, मृदंगवाला रंगा, आणि प्रतिष्ठेपायी गुरुमूर्ती.

सौम्याचा आवाज बसू लागला. तिनं गजर दिला. समोर रिकाम्या खुर्च्या. आणि उत्तर आलं ते फरशीखालून! अख्खं जेवणघर गजर करत होतं. सगळ्यांत वरचा आवाज दत्ताजींचा.

सौम्या थांबली. "रंगा, मृदंग उचल."

"कुठं गं?"

"गजर आहे तिथं."

पुढचं मला वायरीनं सांगितलं. दत्ताजी टक लावून पडद्याकडे बघत होते. सौम्या समोर येऊन उभी राहिली.

"बाजूला हो, मुली. मंचावर कुणी दिसेना. आमची सौम्या येईल आता परत."

"मीच सौम्या, अण्णा."

दत्ताजींनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग तिच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला. "मग उशीर का? उत्तररंग घे."

आणि कीर्तन लागलं, सांबाराकडे तोंड करून. तिच्या मागं पडद्यावर मी वरचा रिकामा मंच दाखवत राहिलो, शेवटपर्यंत. एक रेघ हलू दिली नाही. काहीच नसलेलं इतकं स्वच्छ आजवर कुणी दाखवलेलं नाही.

मित्रांनो, यंत्रांना जपा. त्यांचा मान ठेवा, पण बाहेरून. बाकी माझा अर्ज एवढाच:

सबब, मंडळाच्या सचिवांमार्फत महानगरपालिकेस नम्र विनंती, की सदर इमारतीचा पहिला मजला पुढील विजयादशमीपूर्वी तळमजल्याच्या पातळीवर उतरवून द्यावा. श्री. दत्ताजी यांना आता शिष्येला समोरासमोर बघण्याची सवय लागली आहे.