शनिवारचा संदर्भ

“‘या लेखात एकही संदर्भ नाही. सात दिवसांत संदर्भ न जोडल्यास लेख वगळण्यात येईल.’” किशनदादानं माझ्या मोबाइलवरची लाल चौकट मोठ्यानं वाचली आणि फोन माझ्या मांडीवर टाकला. “घे रंजे. त्यांनीच सांगितलंय, तू खोटं लिवलंयस.”

मला असा राग आला! पंधरा दिवस एका हातानं डबा खात मी तो लेख मराठीत आणला होता. भिवंडीजवळ पूर्णाच्या एका गोदामात मी परत आलेला माल तपासते. दुपारच्या अर्ध्या तासात बाकीच्या बायका रील बघतात, मी ऑनलाइन ज्ञानकोशातले लेख इंग्रजीतून मराठीत करते. फुकट. वहिनी म्हणते, ही डोक्यावर पडलीय. आतापर्यंत पक्षी, नद्या असलंच काहीबाही केलं होतं. हा लेख मात्र दादासाठी होता, कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारावरचा.

आमचे बाबा अकलोलीहून भिवंडीत आले, बत्तीस वर्षं यंत्रमागाच्या एकाच कारखान्यात लूम चालवली आणि धापा टाकत गेले. डॉक्टरनं कागदावर दमा लिहिला. दादा म्हणायचा, बिडी. त्याच कारखान्यात आता दादा उभा राहतो आणि तो खोकला की मला बाबाच घरात आहेत असं वाटतं. लूम सोड म्हटलं की त्याचं एकच पालुपद, “कुठं लिवलंय? दाखव.” इंग्रजीत दाखवलं तर म्हणाला, मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं थांब, तुला मराठीत दाखवते.

आणि आता ही चौकट. इंग्रजी लेखात चौदा संदर्भ होते, मी स्वतः मोजले होते. मराठीत त्या प्रत्येक जागी नुसती लाल अक्षरं.

नवे लेख तपासणाऱ्या मनालीमॅडम सांगलीच्या, शाळेत शिकवतात. कधी भेट नाही, पण त्यांनी आपणहून फोन केला.

“तुम्ही पहिला परिच्छेद सोडलात ना?”

सोडला होता. नुसती रसायनांची नावं होती त्यात, जीभ वळत नव्हती.

“पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, साल, सगळं तिथंच लिहिलेलं असतं. पुढं फक्त त्याची खूण येते. तुम्ही खुणा आणल्यात आणि पुस्तकं तिकडंच राहिली.”

मग काय, बसले हातानं करत. इंग्रजी लेख उघडायचा, संपादनाच्या पानात शिरायचं, पूर्ण संदर्भ शोधायचा, उचलायचा, आपल्याकडे आणून लावायचा. पहिल्या दिवशी दोनच झाले. सुपरवायझर दोनदा ओरडला. गुरुवारपर्यंत तेरा जागच्या जागी बसले. चौदाव्याला मॅडमनी अडवलं.

“या वाक्याला तो संदर्भ लावता येणार नाही, रंजिताताई. तुम्ही लिहिलंय, शनिवारी छाती जास्त आवळते. इंग्रजीत सोमवार आहे.”

“अहो, आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. शनिवारी कामावर गेलं की त्रास व्हायचा बाबांना.”

“ते तुम्हाला माहीत आहे. त्या पुस्तकाला माहीत नाही.”

मी फोनच कापला. सांगलीत बसून हिला काय कळणार भिवंडीचं! पण खरं सांगायचं तर सोमवारचा शनिवार मी कधी केला ते मलाच आठवत नव्हतं. हात आपोआप गेला होता. आणि परत सोमवार करायला तो धजत नव्हता. दादा म्हणाला असता, सोमवारी मला काय होत न्हाय, आणि विषय संपला असता. संदर्भाशिवाय वाक्य तसंच ठेवलं असतं तर उद्या कुणीतरी उडवलंच असतं.

शुक्रवारी दुपारी डबा उघडलाच नाही. इंग्रजी लेख बाजूला ठेवला आणि ज्याचा संदर्भ होता तो मूळ अहवालच उघडला. गिरणीतल्या माणसांना तपासून कुणीतरी लिहिलेला. शब्दकोश घेऊन एकेक ओळ काढली. त्यात मुळात वारच नव्हता! लिहिलं होतं, आठवड्याची सुट्टी संपून माणूस कामावर येतो त्या पहिल्या दिवशी. तिकडे सुट्टी रविवारी, म्हणून ज्ञानकोशातल्या कुणी सोमवार केला होता. मी वाक्य तसं बदललं, संदर्भ लावला. तासाभरात मॅडमचं उत्तर आलं, “आता बरोबर.” लाल चौकट गेली. मला तिथंच, खोक्यांच्या मागं, रडू फुटलं.

शनिवारी सकाळी दादा ड्युटीला निघाला होता. मी त्याच्यापुढं फोन धरला.

उभ्यानंच वाचलं त्यानं, ओठ हलवत, सावकाश. त्या वाक्यावर अंगठा थांबला. पुढचा बारीक आकडा त्यानं दाबला. लेखकाचं नाव आलं, साल आलं, पान आलं.

“हाय,” तो म्हणाला. “संदर्भ हाय.”

“हाय ना? मग?”

“मला ठाव व्हतं, रंजे.”

“काय ठाव होतं?”

“शनिवारचं. दोन वर्सं झाली. आत पाय ठेवला की छातीवर गोणी ठेवल्यावानी होतं. संध्याकाळपर्यंत उतरत न्हाय.” त्यानं वर पाहिलं नाही. “बाबांनी जल्मात बिडी वडली न्हाय, ते बी ठाव हाय मला. कुठं लिवलेलं न्हाय, असं मनाला सांगायचो आन् जायचो. आता तू लिवलंस.”

वहिनी हातात डबा घेऊन दारात उभी होती. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

“मी गोदामात तुझ्या कामाचं विचारते,” मी म्हटलं.

“पस्तिशीच्या वरचा घेत न्हाईत तुमच्यात. तूच बोललीस.”

मीच बोलले होते. दादा एक्केचाळीसचा आहे. कुठलं दुसरं काम, याचा विचार मी एकदाही केला नव्हता. मी नुसता पुरावा गोळा करत बसले होते. माझीच मला लाज वाटली.

त्यानं फोन माझ्या हातात दिला, वहिनीकडून डबा घेतला. मग खुंटीवरचा रुमाल काढून नाकातोंडावर धरला. कारखाना अजून दहा मिनिटं लांब होता आणि इतक्या वर्षांत त्यानं कधी रुमाल बांधलेला मी पाहिला नव्हता. दोन्ही टोकं मागं नेली, पण बोटांना गाठ जमेना.

वहिनीनं पुढं होऊन गाठ मारली, घट्ट, आणि बाजूला सरून त्याला वाट दिली.