तीन दिवसांचं सुतक

गुरुवारी पहाटे पौडला शालनच्या दारात सायकल वाजली, तेव्हा ती बुटाच्या नाड्या बांधत होती. आबा आज लवकर आले, असं मनाशी म्हणत तिनं दार उघडलं. सायकल आबांचीच होती. पण ती धरून उभा होता वाल्मीक, तिचा धाकटा भाऊ.

“आक्का, आबा उठंना झाल्यात,” तो म्हणाला.

“उठत नाहीत म्हणजे?”

“म्हंजी... न्हाईत.”

पुढचं तिला नंतर नीट आठवेना. नवऱ्यानं तिला माले गावी माहेरी नेलं. दारात पळायचे बूट काढताना एक नाडी काही केल्या सुटेना, आणि आतून रडण्याचा आवाज येत असताना ती त्या नाडीशी झटत राहिली, एवढंच काय ते लक्षात राहिलं.

आदल्या संध्याकाळीच आबा, म्हणजे भिवाजी, तिच्याकडे चहा पिऊन गेले होते. पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये लेकीचं नाव त्यांनीच घातलं होतं. पावसाळा सरल्यापासून रोज पहाटे ते मालेहून सायकल मारत येत आणि ती पळे तेव्हा बाजूनं सायकल चालवत. शाळेतली मास्तरीणबाई एकटीच रस्त्यानं पळते, असं पौडात कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी. बुधवारी पुण्याला जाऊन, रांगेत उभं राहून, छातीवर लावायचा कापडी नंबर त्यांनी आणला होता.

“तितला बाबू इचारतो, आजोबा, तुमी पळनार? मी म्हनलं, न्हाई बाबा, पळनार माजी लेक. मी निस्ता रांगंत हुबा हाय.” आणि ते एवढे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला.

असा माणूस रात्री निजतो आणि सकाळी उठत नाही, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं.

शनिवारी राख सावडून माणसं परतली. अंगणात बाया बसल्या होत्या. मधोमध सगुणाबाई, भिवाजींची थोरली बहीण. सुतकात कुणी काय शिवायचं, काय नाही, हे सारा गाव त्यांनाच विचारी.

“शालन, तुजं तीन दिस आज भरलं,” त्या म्हणाल्या. “उद्या पहाटं डोक्यावरनं पानी घेतलं, का सुटलीस.”

“सुटले? कशातनं?”

“सुतकातनं. दुसरं कशातनं? दिल्या घरच्या लेकीला तीन दिस. धा दिस वाल्मीकला आन तुज्या आयला.”

शालनला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. नियम तिला माहीत नव्हता असं नाही. दुसऱ्यांच्या घरी तिनं तो कितीदा पाहिला होता. तो आपल्यालाही लागू आहे, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

“मी दहा दिवस धरणार, आत्या.”

“धरायला ती काय एकादस हाय? आपल्या मनानं धरायची आन सोडायची?” आत्या म्हणाल्या. “माजा बा गेला तवा चौथ्या दिशी मी सासरच्या खाचरात आवनीला हुबी हुते. सासूनं हातात रोपांची मूठ दिली. कुनी काय इचारलं न्हाई.”

शेजारची गोजराबाई पुढं सरकली. “आन उद्या हिला पुण्यात पळायचं हाय म्हनं? बा जाऊन चार दिस न्हाई झालं अजून...”

“सुतक फिटल्यावर ती पळंल न्हाईतर उडंल. तुला काय त्येचं?”

सगळ्या शालनकडे पाहू लागल्या. शर्यतीचा विचार तिनं केलाच नव्हता. आपल्याला कुणी जाऊ देणार नाही, हे ती धरूनच चालली होती. आता अडवायला कुणी नव्हतं. ‘नको जाऊस’ असं कुणीतरी म्हणावं म्हणून ती एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

चंद्राबाई, तिची आई, तीन दिवस भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत अजून टिपूस आलं नव्हतं. तिनं अचानक विचारलं, “पळत जायचं कुटं असतंया?”

“कुठं नाही, आई. स्टेडियमपासून निघायचं, शहरात फिरून परत तिथंच यायचं.”

“माघारी तितंच?” आई थक्क झाली. “मंग जायचं कशाला?”

कुणीतरी तोंडाला पदर लावला. वाल्मीकही फिसकन हसला, आणि मग त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं ते वर केलंच नाही.

आईनं शालनचा पदर ओढला. “न्हाई वाटत तर नगं जाऊ. ऱ्हा की चार दिस. पाहुनी म्हनून ऱ्हा.”

आई मायेनंच बोलली होती. शालन मात्र जागच्या जागी गार झाली. याच अंगणात ती रांगली होती, आणि आता पाहुणी. शेत वाल्मीकचं, दहा दिवसही वाल्मीकचे; त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण आबांनी फक्त तिच्यासाठी म्हणून धरलेली एक जागा होती, आणि ती पुण्याला होती.

“जाते मी उद्या,” ती म्हणाली.

पहाटे आत्यांनीच तिच्या डोक्यावर तांब्या ओतला. “सुटलीस,” त्या म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

स्वारगेटजवळ स्टेडियमबाहेर ही गर्दी लोटली होती. कर्ण्यावरून कुणीतरी सूचना देत होतं, त्यातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. नवरा कडेला थांबला. सलवार-कमीज घालून, छातीवर नंबर लावून ती कॉलेजच्या मुलींमध्ये जाऊन उभी राहिली. रांग मागून दाबली जाऊ लागली. शेजारच्या मुलीचा दंड तिच्या दंडाला लागला. तीन दिवस तिला बाहेरचं कुणी शिवलं नव्हतं. ती चटका बसल्यासारखी मागे सरली.

“शिवू नका, मला सुतक आहे.”

“काय आहे?” मुलगी म्हणाली.

नियमानं ते पहाटेच फिटलं होतं. “माझे वडील गेले,” शालन म्हणाली. “ गुरुवारी.”

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. “या गुरुवारी? आणि घरच्यांनी सोडलं तुम्हाला?”

“सोडलं ना,” शालन म्हणाली. “तेच तर...”

बार उडाला. मागून लोंढा आला आणि तिचे पाय निघाले. पहिल्या वळणापर्यंत काही झालं नाही. मग भररस्त्यात, तोंड उघडं टाकून, ती मोठ्यानं रडू लागली. पळतच होती.

दंडाला पट्टी बांधलेला एक स्वयंसेवक तिच्याबरोबर धावू लागला. “ताई, बाजूला या! दम लागलाय तुम्हाला. झेपत नसेल तर कशाला उगाच...”

“दम नाही लागला!” ती ओरडली. “बाप मेलाय माझा!”

कडेच्या लोकांच्या टाळ्या एकदम थांबल्या. स्वयंसेवक जागीच उभा राहिला. ती थांबली नाही.