डोक्यावरची आंबील

वेळअमावस्येला आंबिलीचा घडा डोक्यावर घेऊन शिवारात जायचं काम गौराबाईचं. सासूनं दिलेला तो मान तिनं एक साल सोडला नव्हता. यंदा मात्र सून शरणम्मा पाठीच लागली.

"आत्याबाई, हात कापतेत तुमचे. फुटला तर भर सणाला अपशकुन."

"फुटला तर पुढच्या सालापासून तूच घेत जा," म्हणत गौराबाईनं घडा घेतला.

मागं शरणम्मा, तिची लहानगी नीलम्मा आणि कालच येडशीच्या स्टेशनावर उतरून आलेला शरणम्माचा भाऊ शांतलिंग. हैदराबादच्या मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, तो सायन्स शिकत होता. हरभऱ्याच्या कडेला पोचतात तोच घड्यात काहीतरी फुसफुसलं.

गौराबाई जागीच थिजली. पुन्हा फुस्स! आंबील तर थंडगार, तिला कुठला आवाज? आत जनावर शिरलं! टाकावा घडा? बोटं सुटायच्या ऐवजी आणखीच आवळली. तेवढ्यात फडक्याखालून गार फेस निघाला आणि कपाळावरून डोळ्यांत, नाकात उतरला.

"अगं बाई, विस्तवाबिगर उतू चालली!" शरणम्मा किंचाळली. "टाका, आत्याबाई, टाका!"

"गप! उतरून घ्या आधी!"

शांतलिंगानं घडा उतरवला, फडकं काढलं. साप नव्हता. फेसात एक चिंधी तरंगत होती. वाटेत हिंदकळून तिची गाठ सुटली होती. त्यानं ती हुंगली आणि भाचीकडं पाहिलं.

"पापडखार? सगळा?"

नीलम्माला रडूच फुटलं. "काल तुमीच वाटीत दाखवलं की, मामा. चिमूटभर खार टाकला की आंबट आंबील हसती म्हणून. म्या म्हणलं, सणाला तुमचा तजुर्बा, त्यो परयोग, समद्यांला दिसावा."

"वाटीतला तजुर्बा होता गं, आज्जीच्या डोक्यावरचा न्हाय!"

गौराबाई मटकन बांधावर बसली. तिनं बोट बुडवून चाखलं. साबणाचं पाणी! शरणम्मानं लेकीवर हात उगारला.

"मारू नगंस. घडा फुटला का?"

शरणम्मानं घडा चहूबाजूंनी पाहिला. "न्हाय, आत्याबाई."

"मग रिकामा कर अन् दे डोक्यावर. शेजारच्या बिभीषणाच्या शेतातून मीच मागून आणते आंबील."

घडा ओतताना तळातला फेस पुन्हा फुसफुसला. गौराबाई दचकून दोन पावलं मागं सरली. शरणम्मा हसली नाही. तिनं घडा पुसला आणि सासूच्या डोक्यावर ठेवला.