ओळखीचं घर

"भिया, ये तो पक्कं भिल्लांचं घर असणार!" मागच्या बाकावरून उदयसिंह शेजाऱ्याला म्हणाला. वर्ग हसला.

मंजिरी वहीतून वाचत राहिली. "कामाच्या बाईसाठी कान तुटलेला कप आहे. तो मोरीच्या खिडकीत, वेगळा. चहा वरून ओततात, भांड्याला भांडं लागू देत नाहीत. बाई तो स्वतः विसळून ठेवते. घरातली बाकी सगळी भांडीही तीच घासते."

दिवाकरराव प्राणिशास्त्राचे अध्यापक. मध्य भारत राज्य झाल्यावर कॉलेजात मानवशास्त्राची तोंडओळख सुरू झाली, तेव्हा कवट्या मोजता येतात एवढ्या पात्रतेवर हा तास त्यांच्याकडे आला. जानवे त्यांनी विद्यार्थिदशेतच काढले होते, देवघर लग्नानंतर. संस्कृती डोंगरातच राहते असे नाही, हे दाखवण्यासाठी त्यांनी काम दिले होते: ओळखीच्या एका घरी जा, परक्यासारखे पाहा, दिसेल तेवढेच लिहा.

मंजिरी गेल्या शुक्रवारी छत्रीबागेत त्यांच्याच घरी हळदीकुंकवाला येऊन गेली होती. त्या खिडकीतल्या कपातून सखुबाई नऊ वर्षे चहा पीत होती.

"पण सर, हे हायजीनसाठी असेल ना?" पुढच्या बाकावरच्या अंबिकेने विचारले.

हे वाक्य दिवाकररावांचेच होते. पत्नीला, सुलोचनेला, त्यांनीच ते पढवले होते, जंतूंच्या नावासकट.

"ते मी पाहिलं," मंजिरी म्हणाली. "एक काकू सारख्या खोकत होत्या. त्यांना घरचाच कप दिला. बाई ठणठणीत होती."

"लो, हो गया हायजीन!" उदयसिंह म्हणाला. "सर, घर किसका है, विचारा ना तिला."

"नावं लिहायची नाहीत, हा सरांचाच नियम आहे." मंजिरीने मान वर केली नाही.

'माझं घर' हे दोन शब्द पुरेसे होते. ते दिवाकररावांच्या जिभेवर आलेही. त्यांनी खडू उचलला.

"असे निर्बंध," ते म्हणाले, "अनेक समाजांत आढळतात."

वर्गाने वाक्य उतरवून घेतले. मंजिरीने पेनाला टोपण लावले.

दुपारी अध्यापकांच्या खोलीत त्यांनी वह्या तपासायला घेतल्या. मंजिरीचे निरीक्षण काटेकोर होते. एकही विशेषण नव्हते. शेवटचा रकाना स्पष्टीकरणाचा. तो कोरा होता, आणि खाली बारीक अक्षरात एक टीप: 'हे घरच्यांनी सांगायचे आहे. विचारण्याचे धाडस झाले नाही.'

दिवाकररावांनी पेनात शाई भरली, निब पुसले. रकान्यात एक टिंब उमटले. ते त्यांनी टिपकागदाने टिपले. पुसट डाग राहिला. मग समासात दहापैकी दहा गुण दिले, सही केली आणि ती वही गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली.